वास्तूचं देणं

नव्या घराची वास्तुशांत केल्याशिवाय तिथे मुक्काम करू नये, हा संकेत पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटपासून ठाणे जिल्ह्यातल्या तीन मजली बंगल्यापर्यंत सगळीकडे पाळला जातो. भटजी येतात, होम होतो, आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची छोटीशी प्रतिमा पुरली जाते आणि जेवणावळीत पाहुणे टाइल्सचं कौतुक करतात. हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक यजमान सांगतील, घरात सुखशांती नांदावी म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. मत्स्यपुराणातली वास्तुपुरुषाची कथा वेगळंच काही सुचवते. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामाचा थेंब जमिनीवर पडला आणि त्यातून एक प्रचंड, भुकेला जीव उभा राहिला. तिन्ही लोक गिळायला निघालेल्या त्या जीवाला देवांनी खाली पाडलं, आणि ज्या देवाने जो अवयव दाबून धरला तो तिथेच वस्तीला राहिला. मग तो जखडलेला जीव देवांनाच विचारतो, की मी असा पडून राहायचं तर जगायचं कशावर? तेव्हा देव त्याचा वाटा ठरवून देतात: घरात वैश्वदेवानंतर जो बळी दिला जाईल तो तुझा, वास्तुपूजेत जे अर्पण होईल ते तुझं. ही कथा नीट वाचली तर जोत्याखाली कृपा करणारा देव नाही. तिथे आपल्या घरासाठी दडपला गेलेला कुणीतरी आहे, तो भुकेला आहे आणि त्याला त्याचा वाटा कबूल करण्यात आला आहे.

आगळ्यावेगळ्या घरांची आणि हॉटेलांची सध्या जी चर्चा चालते, तिला ही कथा लावून पाहिली पाहिजे असं मला वाटतं. घर वेगळं कशाने ठरतं? दर्शनी भागाने, छायाचित्रात उठून दिसणाऱ्या जिन्याने, वास्तुविशारदाच्या नावाने? की ते घर उभं राहताना कोण दडपलं गेलं याची दखल त्याच्या नकाशात घेतली आहे का, याने? माझं म्हणणं दुसऱ्या बाजूचं आहे. घर बांधणं म्हणजे देणं अंगावर घेणं, ही आपल्याकडची जुनी समजूत होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांची यादी आहे: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचं भांडं. रोजचं साधं जगणंही कुणाचा तरी जीव घेतं, म्हणून रोज पाच यज्ञ करायचे, आणि त्यांतला एक भूतमात्रांसाठी, एक दारी आलेल्या माणसासाठी. या ग्रंथाचं नाव निघालं की कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. त्याकडे मी येणार आहे. पण केरसुणीलासुद्धा जाब विचारणारा हा हिशेब फार कडक आहे. केरसुणीला जो जाब लागू आहे तो चाळीस ट्रक मुरूम टाकून उंच केलेल्या जोत्याला लागू नाही, असं कसं म्हणणार?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून भिवंडी तालुक्यातल्या वळ गावाकडे पाहू. ठाण्याहून कशेळी, काल्हेर, पूर्णा असं अंजूरफाट्याकडे जाताना जो गोदामांचा पट्टा लागतो, त्यातलं हे गाव. भाताची खाचरं, खाडीच्या बाजूची सखल जमीन, मुख्यतः आगरी वस्ती, अशी या भागाची जुनी ओळख. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर पण मुंबईच्या हाताशी, हे त्याचं भौगोलिक नशीब. माल इथे उतरवून ठेवायचा, लागेल तेवढाच मुंबईत न्यायचा आणि तेवढ्यावरच जकात भरायची, या गणितावर इथे एकामागून एक गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत. उलट ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांना हीच जागा सोयीची वाटली. भिवंडीभोवतालच्या साठ गावांच्या नियोजनाचे अधिकार 2007 साली एमएमआरडीएकडे गेले, पण तोवर बरंच काही उभं राहून गेलं होतं. आज कुणाच्या घरचा टीव्ही, कुणाचं औषध, कुणाची शाळेची बॅग या गावांतल्या पत्र्याखालून गेलेली असते. पावसाळ्यात जे पाणी खाचरात थांबायचं, त्याला भरावामुळे थांबायला जागा उरलेली नाही. ते शेजारच्या सखल वस्तीत जातं. वास्तुपुरुष दाबून धरला की तो गप्प बसतो, असं कथाही म्हणत नाही.

गोदामाच्या भाड्यातून इथे बंगले उभे राहिले. रोमन पद्धतीचे खांब, ग्रॅनाइटचा जिना, पीओपीची छतं, काचेचे सज्जे, फाटकावर सिंहाच्या जोड्या आणि पाटीवर आईवडिलांचा आशीर्वाद किंवा एकवीरा आईची कृपा. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित नजरेला हे सगळं भडक वाटतं, आणि ती नजर ते बोलूनही दाखवते. मला या नाक मुरडण्यात फारसं तथ्य दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खात्यावर भात आणि मीठ पिकवलेल्या समाजाच्या हाती पहिल्यांदा पैसा आला. त्याने तो दिसेल असा लावला. गिरगावातल्या शेठजींनी आणि पुण्याच्या सरदारांनी वेगळं काय केलं होतं? शिवाय या बंगल्यांत एक गोष्ट अशी आहे, जी मासिकांत छापून येणाऱ्या पुष्कळ घरांत नसते. पुढे मोकळी, फरसबंद, मोठी जागा असते, कारण हळदीला अख्खं गाव आणि भावकी येणार आहे; हॉल मोठा असतो, कारण गणपतीत दहा दिवस दार बंद होणार नाही. खांब परक्या देशाचे असले तरी नकाशा अजून आगरी अंगणाचाच आहे. दारी येणाऱ्या माणसाचं देणं या घराने विसरलेलं नाही. तेव्हा खांब भडक आहेत की नाहीत यावर वेळ घालवू नये. विचारायचं ते हे, की हे अंगण कुणाकुणासाठी मोकळं आहे आणि कुणासाठी नाही.

उलट बाजूला अभिजात रुचीची घरं पाहू. अलिबागजवळ नांदगावला स्टुडिओ मुंबई या बिजॉय जैन यांच्या कार्यशाळेने 2007 साली पाम्यरा हाउस पुरं केलं. नारळीच्या बागेत समुद्राकडे तोंड करून दोन लांबट लाकडी पेट्या, ताडाच्या लाकडाच्या झडपा, त्यांतून येणारा वारा, बागेतल्या विहिरींचं पाणी. सुतार-गवंड्यांना आराखड्याच्या टप्प्यापासून सोबत घेणं हे या कार्यशाळेचं वैशिष्ट्य, आणि त्या घराचं सौंदर्य खरोखर सुतारांच्या हातातलं आहे. ते जगभर गाजलं ते योग्यच. मात्र त्याच्या मागोमाग कोकणपट्टीत आणि कर्जत-मुरबाडकडे जी शनिवार-रविवारची घरं निघाली, त्यांच्याकडे पाहिलं की एक विचित्र अदलाबदल ध्यानात येते. सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कौलं, पुढे ओटी, मागे पडवी आणि परस, असं घर या भागातल्या कष्टकऱ्याचं होतं. त्याने ते पाडून आरसीसी घेतलं, कारण मातीच्या भिंती दरवर्षी लिंपाव्या लागतात, आणि ते काम बाईच्या अंगावर पडतं. आता तीच माती, तोच कूड, तीच कौलं शहरातल्या धनिकाला हवीशी झाली आहेत आणि चौरस फुटाला काँक्रीटपेक्षा महाग पडताहेत. लिंपणारी बाई अजून तीच आहे. फक्त तेव्हा ती घराची मालकीण होती, आता ती रोजावर येते. माती वापरली म्हणून घर आपोआप नम्र होत नाही. वर्षातले पंचेचाळीस दिवस वापरायचं आणि उरलेले दिवस राखणदाराने झाडून ठेवायचं घर, त्याची भिंत कशाचीही असो, मनूच्या केरसुणीच्या हिशेबात फारसं निर्मळ ठरणार नाही.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो आपल्याच संतपरंपरेतून येतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत घरट्याच्या मायेने पिलांपाठोपाठ जाळ्यात सापडणारं कबूतर आहे, आणि स्वतःचं घर कधी न बांधता दुसऱ्याच्या बिळात सुखाने राहणारा सापही आहे. घर बांधणं हेच दुःखाचं मूळ, मग चांगलं घर आणि वाईट घर असा वाद कशाला, असं हा अवधूत विचारील. आक्षेप हलका नाही. पण सापाचं उदाहरण जरा उलटून पाहावं. साप घर बांधत नाही हे खरं; बीळ मात्र उंदराने खणलेलं असतं, वारूळ वाळवीने उभारलेलं असतं. सापाचं वैराग्य दुसऱ्याच्या श्रमावर उभं आहे, आणि उंदराला त्या वैराग्याचं फारसं कौतुक असण्याचं कारण नाही. घर न बांधल्याने देणं टळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या नावावर चढतं. आज जगभर हॉटेलांतून राहणारा, कुठेच घर न करणारा, हलकं सामान घेऊन फिरणारा माणूस स्वतःला मुक्त समजतो तेव्हा तो या सापाचाच शिष्य असतो. ज्या स्कंधात हा संवाद आहे त्यावर मराठीत सर्वांत विस्तृत टीका लिहिली ती एकनाथांनी, आणि ती काशीत 1573 साली पुरी केली. ते स्वतः पैठणचे गृहस्थ. बायको, मुलं, स्वयंपाकघर, दारी येणारी माणसं, हे सगळं सांभाळून त्यांनी अवधूताची वाणी मराठीत आणली. श्राद्धाचं अन्न गावाने बाहेर ठेवलेल्यांना आधी वाढल्याची जी आख्यायिका त्यांच्याबद्दल सांगतात, तिचा रोख हाच आहे. घर सोडायचं नाही, त्याचं दार कुणाला उघडतं ते बदलायचं.

दुसरा आक्षेप वास्तुशास्त्राच्या नावाने येतो. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, मध्ये ब्रह्मस्थान मोकळं, हे सगळं पाळलं की झालं. शास्त्राने ऋण फेडायची रीत दिलेलीच आहे, तुम्ही नवं काय सांगता? एक तर आज हे शास्त्र ज्या रीतीने विकलं जातं त्यात ऋणाचा मागमूस नाही. सल्लागार सांगतो की शौचालय इथून तिथे हलवलं की धंदा वाढेल, जिन्याची दिशा फिरवली की मुलाचं लग्न जमेल. म्हणजे ज्याला वाटा द्यायचा त्याच्याकडूनच हप्ता वसूल करायचा. कथेतला जखडलेला भुकेला जीव या व्यवहारात एलआयसीचा एजंट झाला. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ज्या ग्रंथांत हे मंडलांचं आणि पदांचं गणित आहे, त्यांतच घराचं मापही वर्णाप्रमाणे कमी होत जातं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुणाचं घर केवढं असावं हे त्याच्या जन्मावर ठरतं. मनुस्मृतीबद्दलच्या आठ्या इथे कामाला येतात. भूतमात्रांना बळी देणाऱ्या गृहस्थाने गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र त्या अंगणात येऊ दिलं नाही. चुलीत मेलेल्या किड्याची खंत होती आणि दाराबाहेर उभ्या माणसाची नव्हती. हे खोटं आहे असं कुणी म्हणू शकत नाही. पण म्हणून ऋणाची कल्पनाच टाकून द्यावी का? मला वाटतं, टाकायची आहे ती धनकोंची सोयीस्कर यादी. हिशेब ठेवण्याची सवय राहू द्यावी आणि धनको कोण हे नव्याने लिहावं.

ते नव्याने लिहिल्याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत, आणि आगळ्यावेगळ्या वास्तूंच्या यादीत ती सहसा नसतात. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचं, आणि बांधण्यामागचा मुख्य विचार ग्रंथांचा. माणसांसाठी घर आणि त्यात पुस्तकांचं कपाट, असा नेहमीचा क्रम असतो. इथे हजारो पुस्तकांना राहायला जागा हवी म्हणून घर बांधलं गेलं. ज्यांना शतकानुशतकं अक्षर नाकारलं गेलं, त्यांच्या वतीने ते देणं वसूल करणारं ते घर आहे. त्याने चारचौघांत उठून दिसावं यात काही गैर नव्हतं. सौंदर्य आणि दिमाख हा गुन्हा आहे असं माझं म्हणणं नाही, हे राजगृहाकडे पाहून स्पष्ट व्हावं. दुसरं उदाहरण गाडगे महाराजांचं. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी त्यांत खोलीही ठेवली नाही. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अवधूताच्या सापाला याहून चोख उत्तर सापडणं कठीण आहे. साप दुसऱ्याच्या बिळात राहतो. या माणसाने दुसऱ्यांसाठी बिळं खणली आणि स्वतः उघड्यावर झोपला.

धर्मशाळेवरून हॉटेलाकडे येणं भाग आहे. हॉटेलात पाहुणचाराची किंमत लावलेली असते, म्हणून तिथे देण्याघेण्याचा हिशेब बिलावर संपतो, असं कुणी म्हणेल. पाहुण्यापुरता संपतही असेल. गोव्यातल्या सिदाद द गोवाची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं हे हॉटेल 1982 मध्ये सुरू झालं. त्यांनी तिथे भिंतींवर रंगवलेल्या कमानी, खोट्या खिडक्या आणि खरी दारं यांची अशी सरमिसळ केली, की चालणाऱ्याला आपण एखाद्या जुन्या पोर्तुगीज शहरात आहोत असा भास व्हावा. मायेवर इतकं खेळकर भाष्य करणारी इमारत आपल्याकडे दुसरी क्वचितच असेल. पुढे या हॉटेलाच्या विस्ताराचा वाद कोर्टात गेला, कारण त्या बांधकामाने लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडली होती. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटेत आलेला भाग पाडण्याचा आदेश कायम केला, आणि तो करताना एक तत्त्व सांगितलं: समुद्रकिनाऱ्यासारख्या गोष्टींचं सरकार मालक नाही, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. त्यानंतर गोवा सरकारने अध्यादेश काढून ते बांधकाम वाचवलं. रंगवलेल्या दारांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते खरी वाट बंद झाल्याने. पंचतारांकित अतिथीला देव मानताना वायंगिणीला पोहायला जाणारा माणूस कुणी नव्हताच, असं समजण्यात आलं. आणि हा आक्षेप कोरियांच्या रचनेवर नाही. उत्तम रचनासुद्धा मालकाच्या मनातलं देणं फेडू शकत नाही, एवढंच यातून दिसतं.

मग नकाशाचा उपयोग काय, हा तिसरा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा आक्षेप. ऋण, वाटा, कृतज्ञता या मनाच्या गोष्टी. विटा-सिमेंटला त्या कशा लावणार? आर्किटेक्टने फार तर हवा-उजेड बघावा, धर्म मालकाने बघावा. याला पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, पण पुष्कळसं उत्तर कोरियांच्याच दुसऱ्या कामात आहे. सीबीडी बेलापूरला सिडकोसाठी त्यांनी 1983 ते 1986 या काळात जी वसाहत केली, जी आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते, तिथे सात-सात घरं साधारण आठ मीटर लांबीरुंदीच्या एका चौकाभोवती मांडलेली आहेत. निरनिराळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं लहानमोठी, पण भूखंडांत मात्र फार तफावत नाही: पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटर. कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही. यामागे साधं कारण होतं. कुटुंब वाढेल, पैसा येईल, तेव्हा शेजाऱ्याची परवानगी न मागता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते केलंही, आणि इतकं केलं की मूळची कौलारू घरं बऱ्याच ठिकाणी ओळखू येत नाहीत. वास्तुकलेचे अभ्यासक यावर हळहळतात. मला ते या आराखड्याचं यश वाटतं. शेजाऱ्याचं देणं म्हणजे भिंतीतलं अंतर आणि सामाईक चौक, राहणाऱ्याचं देणं म्हणजे वाढायची मोकळीक. दोन्ही रेषांत आखलेली होती, मनावर सोडलेली नव्हती. म्हणून दर्शनी भाग बदलला, रंग बदलले, मजले चढले, तरी अनेक चौक टिकले. देणं नकाशात लिहिता येतं, हे बेलापूरने दाखवलं. आणि आर्किटेक्टची सही पुसली गेली तरी ते टिकू शकतं, हेही.

आता पुन्हा वळच्या परिसरात. 29 एप्रिल 2023 रोजी जवळच वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमधली एक इमारत दुपारच्या वेळी कोसळली. खाली गोदाम होतं, वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्यांत कुटुंबं राहत होती. आठ माणसं गेली. एकाला अठरा तासांहून जास्त वेळाने ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. इथे कुणी म्हणेल की हा तत्त्वज्ञानाचा नव्हे, नियमांचा प्रश्न आहे: परवानगी, स्ट्रक्चरल ऑडिट, भाराचं गणित. नियम हवेतच, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षाही हवी. पण नियम कुणाला पाहतो हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. गोदामाचा नकाशा मंजुरीला जातो तेव्हा ट्रक कुठून आत येईल, कुठे वळेल, किती उभे राहतील हे दाखवलं जातं. तो ट्रक रिकामा करणारा रात्री कुठे झोपतो आणि सकाळी कुठे जातो, हा प्रश्न त्या कागदावर सहसा उमटत नाही. 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला तेव्हा डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाची मजुरी, नोंदणी, फंड या गोष्टी पहिल्यांदा कागदावर आल्या. त्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती, कुणाची कनवाळू भावना नव्हती. गोदामपट्ट्यात आज काम करणारे पुष्कळजण उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे आहेत, ठेकेदारामार्फत आलेले, आणि ज्या खोल्यांत ते राहतात त्या कुठल्याच आराखड्यात खोल्या म्हणून काढलेल्या नाहीत. त्या उरलेल्या जागा आहेत.

बंगल्याच्या मालकावर सगळं ढकलणंही अन्यायाचं होईल. त्याच्या जमिनीवरचं भाडं त्याच्याकडे येतं तसा त्या गोदामातला माल आपल्याकडे येतो, तोही दुसऱ्या दिवशी, आणि उशीर झाला तर आपण तक्रार नोंदवतो. पाम्यरा हाउसच्या मालकाकडे, सिदादच्या पाहुण्याकडे, बेलापूरच्या घरात मजला चढवणाऱ्याकडे आणि माझ्या-तुमच्या फ्लॅटकडे तो त्याच रस्त्याने येतो. देणं असं पसरलेलं असलं की ते कुणाचंच नाही असं म्हणणं सोपं जातं. वास्तुशांतीत हा पळवाटेचा मार्ग बंद केलेला आहे: यजमान एकच असतो, त्याचं नाव-गोत्र घेऊन संकल्प होतो, बळी त्याच्या हातून जातो. तेव्हा जो बांधतो आणि जो बांधकामाचं भाडं घेतो, त्याच्यापासून सुरुवात व्हायला हवी, मग तो गावातला जमीनधारक असो, मुंबईतला विकासक असो की गाळा घेणारी कंपनी. गोदामाच्या नकाशात हमालांच्या झोपायच्या खोल्या, ट्रकवाल्यांचं आणि बायकांचं शौचालय, भरावामुळे अडलेल्या पाण्याला खाडीपर्यंत जाणारी गटाराची रेष. बंगल्याच्या नकाशात ड्रायव्हर आणि घरकाम करणारी बाई यांना बसायला खिडकी असलेली जागा. यांतली एकही गोष्ट अवघड नाही, महाग तर नाहीच. सिंहाच्या एका जोडीत त्यातलं निम्मं होईल. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा मार्ग या पट्ट्यातून जातोय, पूर्ण्याला स्टेशन होतंय, आणि त्यामागोमाग गोदामांच्या जागी टॉवर आणि बिझनेस हॉटेलं यायला वेळ लागणार नाही. त्यांचे नकाशे अजून काढायचे आहेत.